दुकानामागचा समुद्र

आमच्या घरात माझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली जाते. मी वीसेक वर्षं केरळात, समुद्रकाठच्या गावात गलाईचं दुकान चालवलं आणि भट्टीपुढून उठायला सवड न मिळाल्यामुळे समुद्र एकदाही पाहिला नाही. लग्नकार्यात नवा पाहुणा भेटला की मुलगा ही गोष्ट हटकून सांगतो. पाहुणा माझ्याकडे आदराने बघतो आणि मी पानाला चुना लावायच्या निमित्ताने मान खाली घालतो. गोष्ट खोटी आहे. ती मीच सुरू केली होती. यंदाच्या प्रवासाची आखणी करताना ती कशी मोडली ते लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या लग्नात मुलाची पंचाईत व्हायला नको.

आमच्या कवठे महांकाळच्या बाजूला, तसंच तिकडे खटाव-माणात, बहुतेक घरांतला एखादा माणूस तरी गलाईला बाहेर असतो. सोनारांचे मोडीचे दागिने, एवढंच काय, त्यांच्या दुकानातली झाडलोटीची धूळसुद्धा भट्टीत आटवायची आणि तेजाबाने, म्हणजे ॲसिडने, त्यातलं सोनं-चांदी शुद्ध करून द्यायची, असं हे काम. त्यापायी आमची माणसं देशभर पांगली. बायका गावी राहिल्या, शेत आणि सासू-सासरे सांभाळत. माझीही राहिली. ती वडूजकडची. पाण्याची चणचण तिला माहेरीही होती आणि सासरीही.

आता मी धंदा सोडून गावी आहे. मुलगी आणि जावई कोचीत याच धंद्यात आहेत. यंदा त्यांनी तिथे घर बांधलं आणि वास्तुशांतीला आम्हा सगळ्यांना बोलावलं. प्रश्न एवढाच होता, की जायचं कसं?

मुलाने नुकतीच मोठी गाडी घेतली होती. त्याच्या डोक्यात किनारा बसला होता. गगनबावड्याचा घाट उतरायचा, गोवा, कारवार, उडुपी, मंगळूर करत समुद्राच्या कडेकडेने खाली जायचं. सुनेला घाट लागतो, त्यामुळे तिचं मत विमानाला. माझंही विमानालाच. मी गुडघे पुढे केले.

"आबा, विमानातबी गुडघं दुमडूनच बसत्यात," मुलगा म्हणाला.

"ते दोन तास दुमडत्यात. तुज्या गाडीत दोन दिस."

खरं सांगायचं तर तो रस्ता पाहायची मलाच जास्त हौस होती. आम्ही त्या काळी मिरजेत रेल्वेत बसायचो, बंगळूरला उतरायचो आणि तिथून दुसऱ्या गाडीने पश्चिमेला. कारवार, होन्नावर, कुंदापूर ही गावं मला तिथल्या आमच्या माणसांमुळे नावाने पाठ होती. डोळ्यांनी एकही पाहिलेलं नव्हतं. नद्या समुद्राला मिळतात तिथे रस्ता कसा जातो? पूल किती लांबीचे असतात? समुद्र सारखा दिसतो, की झाडीत लपतो आणि मध्येच पुढे येतो? मुलगा मोबाईलवर नकाशा सरकवायचा आणि मी त्याच्या खांद्यावरून बघत राहायचो.

एकदा त्याने नकाशा खूप खाली नेला. "आबा, रस्ता थलश्शेरीवरनंच जातोय. तुमचं दुकान कुटं हुतं, दाखवा की." आणि दोन बोटांनी त्याने गाव मोठं करायला घेतलं. बाजारपेठ मोठी झाली, आमची गल्ली दिसायला लागली आणि गल्लीला चिकटून निळा रंग वर आला.

"चष्मा न्हाई माज्याकडं," मी म्हणालो. चष्मा डोळ्यांवरच होता.

हे सगळं चालू असताना बायको शेंगा फोडत बसली होती. ती एवढंच म्हणाली, "मला ती गल्ली बगायची हाय. हेनी इतकी वर्सं जितं भाकरी थापल्या, ती चूल तरी बगू दे."

झालं. गाडीचं पारडं जड झालं. पण मग आमच्याच माणसांची एक रीत माझ्या मदतीला आली. गलाईवाल्याच्या गावावरून जायचं आणि त्याच्याकडे न जेवता पुढे सरकायचं, हे आमच्यात चालत नाही. माणूस वर्षानुवर्षं ते काढत बसतो. मुलाने कारवारच्या एका दोस्ताला सहज फोन करून रस्ता कसा आहे विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरचा फोन थांबेना. कारवारला दुपारचं जेवण ठरलं. होन्नावरवाल्याने मासे आणतो म्हणून सांगितलं. उडुपीला मुक्काम. मग कुंदापूरवाला चिडला.

"उडुपीत मुक्काम आन आमच्याकडं नुसता च्या? आमी काय कुणाचं सोनं पळवलंय व्हय?"

मंगळूरच्या दोघा भावांचं आपसात बोलणं नाही. म्हणजे तिथे दोन जेवणं. कासारगोडवाल्याने बोकड सांगून ठेवलं, आम्ही हो-नाही म्हणायच्या आत.

"आबा," मुलगा डोकं धरून म्हणाला, "ह्या गतीनं आपुन पोचंस्तवर ताईचं घर परत रंगवायला आलं असंल."

मी संधी साधली. "म्हणून म्हंतोय, विमानानं चला. वरनं गेलं की कुणाचंच दार वलांडल्यागत हुत न्हाई."

हे सगळ्यांना पटलं. मुलालासुद्धा. तिकिटं उद्या काढायची असं ठरलं आणि मी निवांतपणे दुसरं पान लावायला घेतलं. तेवढ्यात थलश्शेरीचा फोन आला.

तिथलं माझं दुकान आता भावकीतला एक पुतण्या चालवतो; तो मला तात्या म्हणतो. बायकोने फोन उचलला, तिला कानाला धरून ऐकू येत नाही म्हणून आवाज मोठा केला आणि शेंगांच्या सुपाशेजारी ठेवला.

"काकी, इमानबिमान काय न्हाई! वरनं उडून गेलासा तर मी गावाला आल्यावर तुमच्या घरात पानी प्यायचो न्हाई. हितं या. तुमास्नी तात्यांच्या दगडावर बसवतो."

"कसल्या दगडावर रं?"

"आवं, समुद्रावरच्या! सांच्याला भट्टी इजवली की तात्या तितं. आमी हाका मारून दमायचो, पर तात्या काय उटायचं न्हाईत. कोळी लोकबी तेवडा दगड सोडून जाळी वाळवायचे."

बायकोच्या हातातली शेंग फुटली. तिने दाणे सुपात टाकले.

"दुकानापासनं किती लांब हाय?"

"लांब कुटलं? मागल्या दारानं भायेर पडलं की समुद्र."

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी पंख्याकडे.

केरळातून पहिल्यांदा गावी आलो तेव्हा इकडे दुष्काळ होता. टँकर आला की बायका घागरी घेऊन पळायच्या. बायको डोक्यावरची घागर उतरवून, पदराने तोंड पुसत म्हणाली होती, "तितं समुद्र हाय म्हनं?" घरात आई अंघोळीला तांब्याने मोजून पाणी देत होती. अशा घरात, मी रोज संध्याकाळी एवढ्या पाण्यापुढे पाय सोडून बसतो, हे माझ्या तोंडातून निघेना. म्हणालो, "असंल. आपल्याला भट्टीपुढनं कवा सवड?" त्या उत्तराचा मला आजही फारसा पस्तावा नाही.

पस्तावा पुढच्याचा आहे. काही वर्षांनी बरे दिवस आले. शिवारात पाणी आलं, पोरं मोठी झाली, आईही म्हणाली की जा घेऊन तिला चार दिवस. बायको म्हणाली, "एकदा मला घेऊन चला की." तेव्हा अडचण कसलीच नव्हती. मी म्हणालो, "काय बगायचंय तितं? धूर आन तेजाबाचा वास." त्यानंतर तिने पुन्हा विचारलं नाही.

असं का म्हणालो, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. तिथे एका खोलीत आम्ही पाच-सहा जण राबायचो, रांधायचो, झोपायचो. माझं असं तिथे काहीच नव्हतं, तो दगड सोडून. दिवसभर आटलेल्या धातूकडे बघून डोळे चुरचुरायचे आणि त्या पाण्याकडे बघत राहिलं की निवायचे. भरती कुठल्या खाचेपर्यंत येते, कुठल्या होडीचा आवाज कसा, हे मला येत होतं आणि ते कुणाला द्यावंसं वाटलं नाही. बायकोलाही नाही. यापेक्षा बरं कारण माझ्याकडे नाही.

फोन चालूच होता.  बायको पुतण्यालाच विचारत होती.

"पानी दगडापतोर येतं का?"

"भरतीला येतं. पाय भिजत्यात."

"ऊन उतरल्यावर गार पडतो का दगड?"

"लगीच न्हाई, काकी. अंधार पडंस्तवर गरम असतोय."

"दोगं बसत्यात का त्याच्यावर?"

"दोगं? आवं, तात्या आडवं व्हायचं त्याच्यावर!"

तिने फोन ठेवला, सुपातल्या शेंगा संपवल्या, टरफलं गोळा केली आणि मुलाला म्हणाली, "ह्यांचं इमानाचं तिकीट काढ. गुडघं लय दुकत्यात त्यांचं. सूनबाईची सोबत हाय. मी तुज्यासंगं गाडीनं येते."

सून पदराआड हसली. मुलाला हसावं की नाही ते कळेना.

नंतर दोन-तीन दिवस बायको माझ्याशी जेवणापुरतं बोलली. शेवटी मीच तिच्यासमोर जाऊन बसलो.

"मीबी गाडीनं येतो."

"गुडघं?"

"दुकू देत."

"समद्यांकडं जेवावं लागंल. मंगळुरात दोनदा."

"जेवतो."

 मग तिने विचारलं, "वास कसा असतो त्या पान्याला?"

मी सांगायला लागलो. मिठाचा म्हणालो, मग म्हणालो तसा नाही, ओल्या दोरखंडासारखा, माशांचा, पण नुसता माशांचाही नाही. सांगता सांगता अडखळलो.

"सांगता येईना?"

"न्हाई."

"मग वीस वर्सं केलं काय तितं बसून?"

 त्या दिवसापासून ती रोज एखादी गोष्ट विचारते. समुद्र रात्री गप्प असतो का? पावसाळ्यात दगड बुडतो का? होड्या सांजच्या परततात की पहाटे? मी आठवून आठवून सांगतो. काही गोष्टी मलाही माहीत नाहीत असं सांगताना लक्षात येतं, आणि मग मीच पुतण्याला फोन करून विचारतो.

आता सून विमानाने जाणार आहे आणि आम्ही तिघं गाडीने. लवकर निघायचं ठरलंय, म्हणजे कुणाचंच जेवण चुकणार नाही. बायकोने थलश्शेरीपुरती एक अट घातली आहे.

"मी दगडावर बसंन तवा तुमी दुकानात थांबायचं. हाक मारायची न्हाई. मला उटायचं तवा मी उटंन."

मी कबूल केलं. मागच्या दारातून ती दिसेल का, एवढं मात्र मी पुतण्याला विचारून घेतलं. दारापुढे आता भट्टीची चिमणी बांधली आहे म्हणाला. वरच्या खिडकीतून दगड दिसतो.