सरांच्या गाडीचं इंजिन बांधावं की नाही

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आई-वडिलांनंतर मी किल्लारीच्या आमच्या विज्ञानाच्या सरांचं नाव घेतो. आणि उभ्या मराठवाड्यात स्पोर्ट्स कार सगळ्यात हळू कोण चालवतं, असं विचारलं तरी त्यांचंच घेतो. उसाचे ट्रॅक्टर त्यांना मागे टाकून जात. ओळखीचे सायकलवाले खिडकीला धरून गप्पा मारत येत. गाडी जमिनीला इतकी टेकलेली, की औशापर्यंतचा प्रत्येक गतिरोधक सरांना तोंडपाठ होता. तो आला की ते गाडी थांबवत, उतरून गुडघे टेकत, वाकून खाली किती जागा उरते ते बघत आणि मग गाडी तिरकी करून एकेक चाक उतरवत. नव्या माणसाला वाटे, मास्तर रस्त्याच्या पाया पडतायत.

ही दोन सीटची लाल गाडी त्यांनी हैदराबादहून जुनी आणली. आणली तेव्हाच ती भरपूर पळालेली होती. शाळामास्तराने असली गाडी घ्यावी, याचं गावाला हसू आलं. सरांच्या आईने दार उघडून आत पाहिलं आणि शांतपणे विचारलं, "बाबा, ह्यात बसायचं का निजायचं?" चार माणसांची का घेतली नाही, असं पारावर कुणीतरी म्हणालं. सर म्हणाले, "घरात आम्ही दोघंच हाव. मागची सीट रिकामी कशाला हिंडवू?" मग कुणी हसलं नाही. भूकंपात सरांची बायको आणि दोन्ही लेकरं गेली होती. ढिगाऱ्यातून आई आणि ते तेवढे निघाले. गावात हे सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्याबद्दल कधी कुणी बोलत नसे.

पुढे आईही गेली. तेव्हापासून शेजारची सीट विद्यार्थ्यांची झाली. कुणाची लातूरला परीक्षा, कुणाची उदगीरला मुलाखत, कुणाचे निलंग्याला दाखले. सर एकेकाला नेत आणि वाटेत घड्याळाकडे न बघता पाठ विचारत. एवढ्या हळू जाणाऱ्या गाडीत अख्खं पुस्तक उजळून होई.

मला नांदेडच्या इंजिनिअरिंग कॉलेजला सोडायला तेच निघाले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. गाडीत मी आणि सर, म्हणून माझी पेटी घेऊन वडील एसटीने मागून निघाले. अहमदपूर, लोहा असं करत, जागोजागी इंजिनात ऑइल ओतत आम्ही पोचलो, तर वडील फाटकाशी पेटीवर बसून डोळे मिटून होते. त्यांची एक झोप झाली होती. आत कारकुनाने मान वर न करता पालक कोण असं विचारलं. वडील भिंतीला सरकले. सरांनी त्यांचा हात धरून त्यांना टेबलापुढे उभं केलं आणि म्हणाले, "पालक हे हायत. मी डायवर." त्या दिवसापासून आजपर्यंत मी जिथे जिथे सही केली, तिथे मला ते टेबल आठवतं.

गाडी त्याआधीपासूनच निळा धूर सोडायची. ग्रामपंचायतीला डासांची फवारणी करावी लागत नाही, सर एक चक्कर मारतात, असं पोरं म्हणत. सर ते ऐकून मुद्दाम आणखी एक चक्कर मारत. पण या दिवाळीला पुण्याहून गावी गेलो, तर गाडीला चढ चढवेना. इंजिन बांधायचं, म्हणजे पूर्ण उघडून नव्या भागांनी पुन्हा जुळवायचं, की नाही, हा प्रश्न सरांचा गावभर विचारून झाला होता. देवणीच्या बाजारात एका बैलवाल्यालाही विचारलं. त्याने गाडीला फेरी मारली, समोरची जाळी हाताने चाचपली आणि दात पडल्यावर आमच्याकडे आणलीत, असं म्हणून चहा मागवला.

लातूरला मिस्त्रीने चारही सिलिंडरचा दाब मोजला. मीही पाहिला आणि मान खाली घातली. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या, सिलिंडर झिजले होते. मिस्त्री म्हणाला, उघडतो, पण या गाडीचे भाग आता येत नाहीत. कुठून मिळाले तर बरं, नाही तर ती अशीच उघडी पडून राहील. न उघडता चालवलीत, तर कधीतरी रस्त्यातच थांबेल.

सर तिथल्या एका जुन्या टायरवर बसले. म्हणाले, "आपलं गावबी असंच नवं बांधून दिलं. चांगलंच दिलं, सरळ रस्ते, पक्की घरं. पण माय मरेपर्यंत दारात पाय उचलायची. उंबरा जुन्या घराला होता रे. नव्याला नव्हता."

मिस्त्रीने हातातलं फडकं उगीच झटकलं.

"तू सांग," सर म्हणाले. "इंजिनेर कशाला केला तुला?"

फोनवर सांगतो म्हटलं, तर ते नको म्हणाले. फोनवरचं उत्तर म्हणजे वर्गात ओरडून दिलेलं उत्तर, तपासता येत नाही. म्हणून लिहून पाठवलं.

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

इंजिन बांधून घ्या, असं माझं मत आहे. उघडल्यावर ते पुन्हा सुरू होईलच, असं मी लिहून देऊ शकत नाही. आता आहे तसं ठेवलं, तर ते थांबणार हे मात्र लिहून देतो. सुटे भाग मी पुण्यात शोधतो आहे. एका जागी जुळतील असे सापडले आहेत, सगळे नाहीत.

सुरू झालं, तर ती पूर्वीची गाडी राहणार नाही. आवाज वेगळा येईल. तुम्हाला तो आवडणार नाही आणि त्यात माझा काही इलाज नाही. नवं बांधलेलं इंजिन पहिले काही दिवस जपून चालवावं लागतं. आतले भाग एकमेकांना रुळेपर्यंत त्याच्यावर जोर टाकता येत नाही. त्या दिवसांत तुम्ही एकट्याने निघू नका. मी रजा टाकली आहे. शेजारी बसायला येतो.

आपला विद्यार्थी