धावेवरून बाजूला
काल धाकट्या लेकीच्या भिजलेल्या चामडी चपला दारात वाळत घातल्या आणि त्या वासानं पोखर्णीच्या रस्त्याचा तो निजामाच्या काळातला मळा आठवला. लेकरं लहान होती. हुरड्याच्या दिवसांत ज्वारीमधल्या पाऊलवाटेनं आम्ही हसतखेळत चालत गेलो होतो. मळ्यात चामड्याच्या मोटेनं पाणी उपसायची जुनी विहीर होती, कोरडीठाक. मोट ओढणारे बैल ज्या उतारावरून जायचे, त्या धावेवरच आम्ही चादर पसरून डबे उघडले. ज्वारीचं पानही हलत नव्हतं. एकाएकी धाकटी हातातला घास टाकून उठली आणि मला ओढायला लागली, "आई, सरक ना, बैल यायलेत!" तिनं मोट कधी पाहिलीसुद्धा नव्हती. तिची समजूत काढायची म्हणून आम्ही हसत कडेला झालो, तर माझ्या पोटऱ्यांना गरम श्वास लागला आणि ओल्या चामड्याचा वास आमच्या अंगावरून उताराखाली गेला. हुरडा भाजणारा राखणदार लांबूनच ओरडला, "धावेवर बसलात व्हय? मोट थांबून लय वर्सं झाली, पण तिथं आमी कुणी बसत न्हाई." लेक आता कॉलेजात आहे, तिला यातलं काहीच आठवत नाही. पण काल त्या वासासरशी ती बोलता बोलता दारातून बाजूला झाली आणि भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्या शेजारी मीही.