माळवदावरची माती

सर कुणाच्याही घरी गेले, की उंबरठ्यावर थांबून आधी वर बघायचे. घरधनी हात जोडून "या, या" म्हणत उभा असायचा, आणि सरांची नजर तुळईवरून भिंतीच्या कोपऱ्यापर्यंत फिरून यायची. मग नमस्कार. आमच्या गावाला हे फार लागायचं. "पाव्हणा माणसाकडं बघतच न्हाई, आढ्याकडं बघतो," असं बाया आपसात म्हणायच्या.

सर विद्यापीठात भूशास्त्र शिकवायचे. त्यांची सगळी नोकरी भूकंपाच्या अभ्यासात गेली. मी त्यांचा विद्यार्थी. आमचं गाव औंढा तालुक्यात, सिद्धेश्वर धरणापासून जवळ. घरी मेंढरं आणि थोडी कोरडवाहू. कॉलेजात गेलेला घरातला मी पहिलाच. वर्गात माझ्या तोंडून "न्हाई" गेलं, की पोरं हसायची. एकदा सरांनी खडू खाली ठेवला. "हसू नका. हा जिथून आलाय तिथली जमीन तुमच्यापैकी कुणी पाहिलेली नाही," म्हणाले आणि मला पुढच्या बाकावर बसवलं. शिक्षण सोडून परत जायचं माझ्या मनात घोळत होतं, ते त्या दिवशी गेलं.

मी शिकत असतानाच आमच्या गावाखालून आवाज यायला लागले. आधी लांबून भरलेला ट्रक जावा तशी घरघर, मग पायाखालून एक दणका. फडताळातली भांडी किणकिणायची, वरून बारीक माती अंगावर झरायची, आणि मग सगळं गप्प. त्या शांततेत माणसं एकमेकांकडे बघत उभी राहायची. घरात शिरायची हिंमत व्हायची नाही.

सर हादरे नोंदवायचं यंत्र घेऊन आले आणि शाळेच्या एका खोलीत ते बसवलं. गावाने त्यांचं नाव ठेवलं "हादरे सर". ते इतकं रुळलं, की सरपंचांनी चावडीवरच्या बैठकीत "आपल्या गावाला लाभलेले माननीय हादरे सर" अशीच ओळख करून दिली. ते आडनावच आहे असं त्यांना खरोखर वाटत होतं. सरांनी दुरुस्त केलं नाही.

"सर, मोठा कधी येणार?" कुणीतरी विचारलं.

"सांगता येत नाही."

"येणार हाय का न्हाई, ते तरी सांगा."

"तेही सांगता येत नाही."

"मंग तुमाला पगार कशाचा देऊन राहिले?"

सगळी चावडी हसली, सरही हसले. मग म्हणाले, "एक मात्र सांगता येतं. माळवदावरची माती उतरवा." हसणं थांबलं.

आमच्याकडची बहुतेक घरं माळवदाची होती. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या आणि काटक्या, आणि सगळ्यात वर पांढरी माती. घर गळू नये म्हणून दर उन्हाळ्यात नवी माती टाकायची. जुनी काढायचं कुणाच्या मनातही येत नसे. आजोबांनी टाकलेली, पणजोबांनी टाकलेली, सगळी वरच. किल्लारीच्या भूकंपात अशाच माळवदांखाली माणसं गाडली गेली; त्यानंतर सर तिकडच्या गावांत जाऊन राहिले होते. तिथे काय पाहिलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तिथून आल्यावर मात्र ते माळवदाखाली जेवत नसत.

आमच्या घरी पहिल्यांदा जेवायला आले, तेव्हा ताट उचलून अंगणात जाऊन बसले. मायचा चेहरा उतरला. "मेंढरं राखणाऱ्यांच्या घरात बसून चालत न्हाई वाटतं," ती मला हळूच म्हणाली. सरांनी ते ऐकलं. "वहिनी, मी तुमच्या घराला भितो, तुम्हाला नाही. भाकरी आणखी एक द्या. आणि तुम्हीही ताट घेऊन बाहेरच या." माय हसली, पण गेली नाही. पुरुषांबरोबर बाईने अंगणात जेवायला बसायचं, ही कल्पनाच तिला भूकंपाहून अवघड होती.

माझे वडील, बापू, सरांना फार मानायचे. पण माती उतरवायला तयार नव्हते. त्यातच माझ्या बहिणीची, गंगूची सोयरीक आली. साखरा गावची माणसं घर बघायला आली. मुलाचा बाप चहाची बशी हातात धरून म्हणाला, "बाकी सगळं बराबर हाय. पर तुमच्या गावात जमीन गुरगुरती म्हणं?"

सर त्या दिवशी शाळेतच होते. बापूंनी मोठ्या भरवशाने त्यांना बोलावून आणलं. "सर, पाव्हण्यायला एवढं सांगा, भेव न्हाई म्हणून."

सरांनी वर पाहिलं. मग दारात पोह्यांचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या गंगूकडे पाहिलं. "भीती नाही, असं मला म्हणता येत नाही," ते म्हणाले. "आणि या छताखाली लग्नाची माणसं बसवू नका."

पाहुणे पोहे न खाताच उठले.

"तुझ्या सरांची एक शब्द बोलायला जीभ झडली असती का रे?" बापू मला म्हणाले. गंगूचं लग्न पुढे कळमनुरी तालुक्यात झालं, बरं झालं. पण बापूंनी सरांशी बोलणं टाकलं. त्या उन्हाळ्यात त्यांनी माळवदावर इतर वर्षांपेक्षा जास्तच माती चढवली. दणका झाला, की तुळई आता कण्हल्यासारखी वाजायची.

सर निवृत्त झाल्यावर एकदा आले. मी तेव्हा हिंगोलीत शिकवत होतो, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो. बापू शिडी लावून वर माती पसरत होते. खाली उतरले नाहीत. वरूनच म्हणाले, "सर, पाऊस दरसाल येतो. तुमचं ते येतंय का, तुमाला बी ठावं न्हाई. मी कुणाचं बघू?"

"बरोबर आहे तुमचं," सर म्हणाले आणि निघून गेले.

आठवडा उलटला नसेल, तोच ते आखाडा बाळापूरच्या बाजारातून काळ्या जाड प्लास्टिकचं भेंडोळं घेऊन आले. "बापू, सगळी माती उतरवा. हे अंथरा, वर चार बोटं माती टाका. गळलं, तर मी स्वतः येऊन माती परत चढवतो."

बापूंनी प्लास्टिक चिमटीत धरून चोळून पाहिलं. "हे आधी काहून न्हाई आणलं?"

"तुम्ही गळतीचं सांगत होता, आणि मी भूकंपाचंच बोलत राहिलो," सर म्हणाले.

माती उतरली. अंगणात तिचा ढीग दाराच्या चौकटीहून उंच झाला. "एवढं आपल्या डोईवर व्हतं?" माय म्हणाली.

पहिल्या मोठ्या पावसात घर गळलं नाही. बापू म्हणाले, "सरांना फोन लाव." मी लावला. त्यांच्या मुलीने उचलला. सर आदल्याच आठवड्यात गेले होते.

बापू शेजारी माझ्या चुलत्याच्या दारात जाऊन म्हणाले, "तुझ्याबी घराची माती उतरवू. मी येतो संगं."

"भर पावसात? उन्हाळ्यात बघू," चुलते म्हणाले.

त्या घरात तेव्हा त्यांचा नातू पाळण्यात होता. उन्हाळा लांब होता, आणि खाली जमीन गुरगुरायची थांबली नव्हती.