कंदील विझल्यावर

त्या दिवशी मी माझ्या मुलाला मारलं. तो पेवात उतरला. त्याला काढायला मुकादम उतरला. मुलगा वर आला. मुकादम आला नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. सांगलीजवळ हरिपूरला हळद जमिनीखाली साठवत. तीन पुरुष उंचीइतका खोल खड्डा, आत घागरीसारखा फुगलेला, वर माणूस जेमतेम मावेल एवढं तोंड. त्याला पेव म्हणत. हळद भरून तोंड लिंपलं की आतली हवा मरते. म्हणून पेव उघडल्यावर लगेच कुणी उतरत नसे. दोराला कंदील बांधून आत सोडायचा. विझला तर काठावर बसून राहायचं, तास दोन तास, कधी अर्धा दिवस. कंदील आत तेवत राहिला की मगच उतरायचं.

मी एका हळदीच्या पेढीवर दिवाणजी होतो. माझं शिक्षण वाईला झालं. तिथं वडिलांनी मला घाटावर चारचौघांत वेतानं फोडलं होतं, आणि त्यामुळेच मी मॅट्रिक झालो असं मी मनापासून मानत होतो. मुलगा सोळाचा, अकरावीत. त्या वर्षी तो बोलेनासा झाला. विचारलं की मान हलवी. मी त्याच्या पाठीवर तीन छड्या मोडल्या. दर वेळी तो आणखी गप्प झाला, आणि मला वाटलं, सुधारतोय.

मग शाळेतून निरोप आला, की पंधरा दिवस तो वर्गातच नाही. पेढीवरचा, वह्यांत रेघा आखायचा लाकडी रूळ हातात होता, तो घेऊनच मी पेवांवर गेलो, कारण कुणीतरी त्याला तिथं पाहिलं होतं.

तो पोतं उचलत होता.

"पोतं ह्येनं उचललंय का ह्येला पोत्यानं, बगा रं!" एक हमाल ओरडला, आणि मुलगा हसला. घरात त्याला हसताना मी वर्षभर पाहिलं नव्हतं. मला त्या हसण्याचाच जास्त राग आला.

पहिला रूळ खांद्यावर बसला, दुसरा कानावर. तिसऱ्यानं ओठ फुटला. तो हात वर करीना, म्हणून मी आणखी मारलं.

हमालांच्या मुकादमानं माझं मनगट धरलं. साठीचा माणूस, पण मला ते सोडवता आलं नाही.

"आवं दिवानजी, वर्गात वाचाय उभं केलं की त्येची जीब अडकतीया. पोरं नक्कल करून हसत्यात. म्हनून जात न्हाई त्यो. कंदील न सोडताच उडी टाकताय तुमी."

घरात पुस्तकं भिंतभर होती. मुलाला वाचताना मी कधी ऐकलं नव्हतं.

"हमालांनी मला शिकवू नये," मी म्हणालो. आणि मुलाला म्हणालो, "पुन्हा तोंड दाखवू नकोस मला."

त्यानं ओठ पुसला. पलीकडचं पेव सकाळीच उघडलं होतं. कंदील दोनदा विझला होता, हे त्याला माहीत होतं. त्यानं खुंट्याला बांधलेला दोर धरला आणि आत गेला.

मुकादमानं ओलं फडकं तोंडाला बांधलं, दुसऱ्या दोराचं टोक कमरेला बांधलं आणि तो उतरला. खालून एकदाच आवाज आला, "वडा!" हमालांनी ओढलं. वर आला तो मुलगा. मुकादमानं दोर स्वतःच्या कमरेचा सोडून त्याच्या काखेत बांधला होता. मुलाचं तोंड काळंनिळं पडलं होतं. हमालांनी त्याला थापडा मारल्या, तेव्हा तो ओकला आणि त्याला श्वास आला.

दोर पुन्हा सोडला. तो रिकामा आला. एक तरणा हमाल उडी घ्यायला धावला, त्याला चौघांनी खाली पाडून धरलं. कंदील सोडला. विझला. ऊन उतरेपर्यंत आम्ही काठावर बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन मुकादमाच्या घरी गेलो. त्याच्या बायकोनं दारातच माझ्या थोबाडीत मारली.

"ह्येच्यावर परत हात टाकलासा तर हातच तोडीन तुमचा," ती म्हणाली. मग मुलाला आत नेऊन जेवायला बसवलं. "खा रं बाळा. तुज्यापायी माज्या मानसाचा जीव गेलाय. उपाशी मरू नगंस आता."

चार महिने मुलगा माझ्याशी बोलला नाही. मी रोज पेढीवरून येऊन त्याच्याजवळ उंबऱ्यावर बसे, पुस्तक न घेता. पहिले काही दिवस तो उठून जाई. पुढं उठेनासा झाला. विचारायचं पुष्कळ तोंडाशी येई, मी ते गिळत असे.

एका संध्याकाळी तो म्हणाला, "अण्णा, मी शा..." शब्द अडकला. पूर्वी मी तो पुरा करून टाकला असता. मी थांबलो. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "शाळेत नाही जाणार."

"बरं," मी म्हणालो.

पुढं तो पेवांवरच मुकादम झाला. अजून अडखळतो. पेव उघडलं की कंदील स्वतः सोडतो. तो कंदील त्या मुकादमाचाच आहे. रूळ मी टाकला नाही. माझ्या कपाटात आहे.