केरबाचं उणं चाक

कंधारच्या जीप स्टँडवर केरबाला सगळे ‘उलटा केरबा’ म्हणत, आणि त्याला त्याचा रागही येत नसे. मागचं चाक पंक्चर झालं की शहाणा माणूस स्टेपनी मागंच लावतो. पण स्टेपनी जरा वेगळ्या मापाची असली की केरबा दोनदा जॅक लावायचा. पुढचं चांगलं चाक काढून मागं, आणि स्टेपनी पुढं. दुप्पट वेळ, दुप्पट घाम. सवाऱ्या करवादल्या तर म्हणायचा, “मागं जोडी सारखी पायजे. उणं चाक पुढं चालतंय, मागं न्हाई. इंजिनाचा जोर मागल्या चाकावर; जोडी सारखी नसली की धुऱ्यातले दाते एकमेकाला खातेत.”

हे शहाणपण त्याला फुकट मिळालेलं नव्हतं.

त्र्याण्णव साली तो लातूरला जीप चालवायचा. भूकंपाच्या सकाळी स्टँडवरच्या सगळ्या गाड्या किल्लारीकडं धावल्या, तशी त्याचीही धावली. परतताना त्याच्या गाडीत एक बाप होता, आणि बापाच्या मांडीवर छातीला मार लागलेली सोळा वर्षांची पोर. औशाच्या अलीकडं मागचं चाक बसलं. स्टेपनी होती भलत्याच गाडीची, बोटभर बुटकी; नटांची भोकं जुळत होती एवढंच. घाईघाईत त्यानं ती मागंच ठोकली. तेवढ्यात पाठीमागून लिंबाजी आला. गावचाच, त्याच स्टँडवरचा, जिवाभावाचा दोस्त.

“पोरीला माझ्या गाडीत दे,” लिंबाजी म्हणाला. “जागा हाय.”

केरबानं बापाकडं पाहिलं. “मी हाय नं. पोचवतो.”

बापानं विश्वासानं मान हलवली. आता खरं सांगायचं तर केरबाला त्या दिवशी आपण काहीतरी मोठं काम करतोय असं वाटत होतं. आपण उचललेलं माणूस आपल्याच हातानं दवाखान्यात पोचावं, ही त्याची हौस. माणसाला चांगुलपणाचीही हौस असते आणि ती कधीकधी फार महाग पडते. लिंबाजी पुढं निघून गेला; मागून केरबा सुसाट निघाला. दहा किलोमीटरवर धुरा तापून जाम झाला आणि गाडी जागच्या जागी बसली. दुसरी गाडी मिळेपर्यंत पोर गेली.

संध्याकाळी लिंबाजी तोंडावर म्हणाला, “दिली असतीस तर वाचली असती.”

झालं. बोलणं संपलं ते संपलंच. पुढं दोघंही कंधारला परतले, एकाच स्टँडवर नंबर लावू लागले, पण निरोप द्यायचा तर चहावाल्यामार्फत. अशी तेरा वर्षं गेली. केरबाला लिंबाजीचा राग होता, आणि लिंबाजी बोलला ते खरं होतं याचा त्याहून जास्त.

या तेरा वर्षांत लातूरचं नाव दुसऱ्याच कारणानं दुमदुमायला लागलं. दहावी झालेलं लेकरू जो तो लातूरच्या क्लासला धाडू लागला. केरबाची लेक ऋतुजा तालुक्यात दुसरी आली होती. एका क्लासची परीक्षा होती. पहिल्या दहांना शिकवणी आणि राहणं फुकट. अकराला गेट बंद, परीक्षा पुन्हा नाही. हे हुकलं तर ऋतुजाचं डॉक्टर होणं कंधारच्या वेशीतच राहणार होतं.

केरबानं त्या दिवशी एकही सवारी घेतली नाही. पोरीला पुढं बसवलं आणि साडेसातला निघाला. शिरूर ताजबंदच्या पुढं मागचं चाक फुटलं. आणि स्टेपनी? आदल्याच दिवशी लोह्याजवळ एक जीपवाला अडकला होता; चाक मागचं फुटलेलं आणि जवळची स्टेपनी बुटकी. या रस्त्यावर स्टेपनी मागितली तर नाही म्हणायचं नसतं. केरबानं आपली चांगली देऊन त्याची बुटकी घेतली होती. आता ती निघाली.

दुसरा कुणी असता तर पंधरा मिनिटांत निघाला असता. केरबानं दोनदा जॅक लावला. मधेच लातूरची एसटी आली. ऋतुजानं हात वर केला.

“कशाला? मी हाय नं,” केरबा पान्हा फिरवत म्हणाला. पोरीनं हात खाली घेतला आणि एसटी गेली.

गाडी निघाली, पण पुढचं चाक डावीकडं ओढत होतं. स्टेअरिंग धरून केरबाची मनगटं भरून आली. तिशीच्या वर काटा नेला की गाडी थरथरायची. चाकूर आलं तेव्हा दहा वाजून दहा मिनिटं झाली होती. लातूर अजून पस्तीस किलोमीटर.

“दादा, पोचू का आपण?”

‘मी हाय नं’ हे शब्द ओठांवर आले आणि तिथंच थिजले. ते त्यानं आधी कुणाला ऐकवले होते हे त्याला आठवलं. मघाशी एसटी सोडून दिली ती कुणासाठी, पोरीसाठी की आपल्यासाठी?

आरशात मागून एक जीप येताना दिसली. लिंबाजीची.

केरबानं गाडी रस्त्यात आडवी घातली, खाली उतरला आणि दोन्ही हात पसरून उभा राहिला. लिंबाजीनं करकचून ब्रेक दाबला.

“लिंबाजी, पोरीला घे. परीक्षा हाय. अकराला गेट बंद व्हतंय.”

“दादा, मी तुमच्यासंगंच येते. तुमीच न्या,” ऋतुजा म्हणाली.

“बस म्हणलं नं त्या गाडीत!” केरबा तिच्यावर जन्मात पहिल्यांदा ओरडला.

लिंबाजीनं केरबाच्या पुढच्या चाकाकडं पाहिलं. शेजारच्या सवारीला सरकवून त्यानं पोरीला जागा केली आणि गाडी सोडली.

उरलेला रस्ता केरबानं एकट्यानं, तिशीत कापला. क्लासच्या गेटवर आला तेव्हा साडेअकरा होऊन गेले होते. गेट बंद. समोरच्या लिंबाखाली लिंबाजीची जीप उभी होती. परतीचा नंबर सोडून तो थांबला होता.

“पोचली?”

“हाव. सहा मिनिटं बाकी व्हती. पेन चालंना म्हणाली, माझा दिला.”

केरबा मटकन खाली बसला आणि भर रस्त्यात रडला. लिंबाजी शेजारी टेकला.

“केरबा, त्या दिवशी मी तसं बोलायला नको व्हतं.”

केरबानं बाहीनं तोंड पुसलं. “बोलला व्हतास म्हणून तर आज तुला थांबवलं.”