हातमोज्याचं बोट

जाऊबाईंना ज्या खाटेवर आडवं केलं, त्या खाटेखालची बादली त्यांनीच सकाळी फिनेलने घासून ठेवली होती. कॅनव्हासची खाट, मधोमध भोक, भोकाखाली बादली. आमच्या वॉर्डात सगळ्या खाटा तसल्याच. जेवणवेळेपर्यंत जाऊबाई दुसऱ्यांच्या बादल्या उचलत होत्या, नंतर मोरीत बसल्या त्या उठल्याच नाहीत. मी आणि आमच्याबरोबरची आया, मालवणवाली, दोघींनी बगलेत हात घालून त्यांना आणलं. डोळे खोल गेलेले, कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. आवाज पार बसलेला, तरी म्हणाल्या, "ह्या खाटेवर नको. हिचा दांडा मोडलाय."

"गप पडा," मी म्हटलं. "दुसरी रिकामी नाही."

डॉक्टर धावत आले. तरुण होते, कामाला चांगले. दोन्ही कोपरांशी शीर सापडेना, म्हणून त्यांनी घोट्याजवळ कापून सलाईन लावलं. मी बाटली धरून उभी राहिले आणि जाऊबाईंच्या पोरांचा विचार करत होते. लहान लहान पोरं, दीर बाटलीतला, म्हणजे दुसऱ्या बाटलीतला. जाऊबाई गेल्या असत्या तर ती सगळी पंगत माझ्या चुलीवर आली असती. लोक अशा वेळी देवाचं नाव घेतात म्हणे. मी तांदळाचा डबा आठवत होते.

आम्ही दोघी घाटकोपरकडच्या एका म्युनिसिपल हॉस्पिटलात आया होतो. एकोणीसशे साठनंतरची वर्षं होती. मला तिथे चिकटवलं जाऊबाईंनीच, आणि ते त्या रोज ऐकवायच्या. घरी नळावरून आमचं भांडण झालेलं, बोलणं बंद. ड्युटीवर मात्र बोलावं लागे, कारण मिशरीची डबी त्यांच्याकडे असे. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांना लावायची. जाऊबाई ती घरी भाजायच्या तेव्हा सगळी चाळ खोकायची. वॉर्डात त्या डबीवर आम्ही तिघी होतो, जाऊबाई, मी आणि मालवणवाली.

साथ सुरू झाली तेव्हा आम्हाला सगळं व्यवस्थित सांगण्यात आलं. त्या बाबतीत तक्रार नाही. डॉक्टरांनी आम्हाला जिन्यात गोळा केलं आणि म्हणाले, "घाबरायचं कारण नाही. हा रोग देशोदेशी फिरत आलाय, पण आपल्याकडे आहे तो गॅस्ट्रो. कॉलरा हा शब्द कुणी काढायचा नाही. लोक उगाच घाबरतात." कॉलऱ्याला आपला शब्द पटकी, तो तर नाहीच नाही. वरून तसा हुकूम होता. आम्ही माना डोलावल्या. बादल्यांना मात्र हे कुणी सांगितलं नव्हतं. त्या पटकीच्या असतात तशाच भरत होत्या, तांदळाच्या धुवणासारख्या.

दंडावर सुईही टोचली. हात सुजला, ताप आला, त्यावरून आम्ही समजलो की औषध लागू पडलं.

मग मोरीच्या दारावर नोटीस लागली, चांगली मराठीत. जेवणापूर्वी हात साबणाने धुवा. उघड्यावरचे पदार्थ खाऊ नका. अफवांवर विश्वास ठेवू नका. मी चौथी पास, मला वाचायला वेळ लागे. जाऊबाईंना अक्षर येत नव्हतं. मालवणवाली सातवीपर्यंत शिकलेली, तिने ती मोठ्याने वाचून दाखवली आणि पाठच केली. जेवायला बसताना ती आमचे हात तपासायची. "काय गो, धुतलंस? नोटिशीत लिवलेला असा." हात धुतल्याशिवाय तिने कधी घास घेतला नाही. ही गोष्ट मी कुठेही सांगायला तयार आहे.

डॉक्टरांनी वर भांडून आम्हा आयांसाठी रबरी हातमोजे मिळवले. ऑपरेशनचे जुने, धुऊन पावडर लावलेले, जिथे फाटले तिथे ठिगळ चिकटवलेले. तरी मिळवले. आधी कुणाला आयांच्या हातांची आठवण झाली नव्हती. पण सगळे एकाच मापाचे, नाजूक हातांचे. माझ्या हातात ते अंगठ्याच्या पुढे जाईनात. एक ओढायला गेले तर फाटला. डॉक्टरांना वाईट वाटलं. म्हणाले, "मावशी, तुमच्यासाठी मोठे मागवतो."

जाऊबाई हसल्या. "मापाचे कुठून मिळायचे? म्हशीचे खूर आहेत ते."

मालवणवाली म्हणाली, "उघड्या हातान काम करतंस, मरतलंस एक दिस."

म्हणून मी उघड्या हातांनी बादल्या उचलत राहिले. हाताला ब्लीचिंग पावडरीचा असा वास बसायचा की मिशरी लावली तर तोंड कडू व्हायचं. मग डबी उघडण्याआधी मी साबणाने हात घासून घासून धुवायचे, वास जाईपर्यंत. त्यात शहाणपण काही नव्हतं. मिशरीची चव जात होती.

जाऊबाईंची अडचण वेगळी. हातमोजा घामाने चिकटायचा, काढायला वेळ, परत चढवायला त्याहून वेळ. मिशरीची तलफ तेवढं थांबत नाही. एके दिवशी त्यांनी बँडेजची कात्री घेतली आणि उजव्या हातमोज्याचं पहिलं बोट टोकाला कापून टाकलं. "बघ," मला म्हणाल्या, "आता काढायची भानगडच नाही." बोट बाहेर, बाकी हात आत. मालवणवालीला ते फार पसंत पडलं. तिनेही कापलं.

"हात तरी धुवा मधे," मी म्हटलं. मला त्यांनी मोरीत टाकलेल्या पिचकाऱ्यांचा राग होता, दुसरं काही नाही.

"हातमोजे घातलेत, मगे हात कशाक धुवचे?" मालवणवाली म्हणाली. "आणि आता काय जेवाचा असा?"

बरोबरच होतं. नोटीस जेवणाबद्दल होती.

तर त्या दुपारी सलाईनची दुसरी बाटली चालू झाल्यावर सिस्टरांनी जाऊबाईंच्या हातातला हातमोजा ओढून काढला. सिस्टर अंधेरीच्या जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती, तोंडाने कडक. कापलेलं बोट बघितलं, मग जाऊबाईंचं बोट बघितलं, काळं. नाकाशी नेलं.

"मिशरी?"

"होय," मी म्हटलं.

"माझी आई लावते. गावठाणातल्या सगळ्या म्हाताऱ्या लावतात, रविवारच्या प्रार्थनेला देवळात जायच्या आधी सुद्धा." मग डॉक्टरांकडे वळल्या. "डॉक्टर, हे बघा तुमचे हातमोजे."

डॉक्टरांना कळायला वेळ लागला. कळल्यावर ते पांढरे पडले. "पण नोटिशीत स्पष्ट लिहिलंय, जेवणापूर्वी..."

"हे जेवण नाही, डॉक्टर."

"मग काय आहे?"

सिस्टरांनी स्वतःचं बोट आधी खाटेखालच्या बादलीकडे दाखवलं, मग दातांशी नेलं.

"अजून कुणी कापलंय?" सिस्टरांनी मला विचारलं. मी वळून बघितलं तर मालवणवालीची ड्युटी संपून ती गोवंडीला घरी गेली होती. जाताना पोट धरून गेली होती, हे मला तेव्हा आठवलं. सिस्टर म्हणाल्या, "जा आणि तिला घेऊन ये. आत्ता."

मी गेले. मालवणवाली खोलीत भिंतीकडे तोंड करून पडली होती. बाजूला पेजेचं भांडं. नवरा कामावर. मी म्हटलं, "ऊठ. सिस्टरांनी बोलावलंय. जाऊबाईंना सलाईन लावलंय."

"माका काय झाला नाय. गॅस्ट्रो असा."

"गॅस्ट्रो नाही गं, पटकी आहे. बादल्या तूच उचलतेस ना? डोळे कुठे गेले तुझे?"

"अफवांवर विश्वास ठेवू नका, काय लिवलेला असा?" ती म्हणाली. हसायलाही बघत होती. "तुका डॉक्टरापेक्षा जास्त कळता काय? गॅस्ट्रोन कोण मरता? सकाळी येतंय मी ड्युटीवर."

मी हात धरून ओढली. ती अंगाने माझ्या दुप्पट, उठली नाही. शेजारणीला म्हटलं, हिचा नवरा आला की लगेच हॉस्पिटलात आणायला सांग. शेजारीण म्हणाली, बरं. तिलाही मालवणवालीने गॅस्ट्रोच सांगितलं होतं.

सकाळी तिला हातगाडीवर घालून आणलं. टॅक्सीवाल्यांनी घेतलं नव्हतं, त्यांना कुणी गॅस्ट्रो समजावलं नव्हतं. डॉक्टरांनी दोन्ही घोट्यांजवळ कापून शीर शोधली. सिस्टर बाटली हातात धरून उभ्या होत्या, ती लावायला वेळच मिळाला नाही. मोरीच्या दाराशी, नोटिशीखालीच, तिचा नवरा बसला होता. मी त्याला चहा नेऊन दिला. तो त्याने घेतला नाही.

नोटीस बदलली. डॉक्टरांनी तिच्यात एक ओळ घातली, तंबाखूचे सेवन करू नये. मिशरी हा शब्द सरकारी कागदावर लिहायला त्यांना बरं वाटेना. मी ती ओळ जाऊबाईंना खाटेवर वाचून दाखवली.

"ते बाप्यांना," जाऊबाई म्हणाल्या. "डबी कुठाय माझी?"

डबी सिस्टरांनी काढून घेतली होती. वॉर्डातल्या सगळ्या आयांच्या कमरा तपासून त्यांनी डब्या गोळा केल्या आणि साथ संपेपर्यंत कपाटात कुलूप लावून ठेवल्या. कसलं भाषण केलं नाही. त्यानंतर आमच्यापैकी कुणी आडवं झालं नाही.

माझ्या मापाचे हातमोजेही आले, साथ संपल्यावर.

जाऊबाई जगल्या, आणि पुढे पुष्कळ वर्षं मिशरी लावत आणि माझ्याशी नळावर भांडत जगल्या. मी जगले. मालवणवाली गेली.