अण्णांचं कार्टून

‘कार्टून’ हा शब्द ऐकला की अजून माझं डोकं फिरतं. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते आणि जन्मभर एकच मालिका बघत आले. अंतराळात फिरणारं जहाज, त्यावरची नाना ग्रहांची माणसं, दर भागात नवं संकट. दूरदर्शनवर लागायची तेव्हापासून. मग केबल आली, मग मोबाइल. मधल्या काळात कप्तान बदलले, जहाजं बदलली, जुने नट म्हातारे झाले, पण अण्णांनी मालिका सोडली नाही. इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, तरी गालात सुपारी धरून तल्लीन. आणि आमचं अख्खं घर काय म्हणायचं? ‘अण्णा कार्टून बघतायत.’

अहो, त्यात एकही चित्र नव्हतं! चांगली हाडामांसाची माणसं होती. पण आमच्याकडं यान उडालं की ते कार्टून, आणि कार्टून म्हणजे पोरांचं. पौराणिक मालिकेत बाणावर बाण आपटून आकाशात आग लागली की शेजारच्या काकू टीव्हीला हात जोडायच्या. सासू-सुनांच्या मालिकेत मेलेला नवरा नवं तोंड घेऊन परत यायचा, त्यावर आमच्या घरात जेवताना गंभीर चर्चा व्हायची. खुळे फक्त अण्णा.

आता त्याच मालिकेचं चिन्ह छापलेले टी-शर्ट नवी पेठेत टांगलेले असतात. एक भागही न बघितलेली कॉलेजची पोरं ते घालून मिरवतात. निवृत्तीनंतर अण्णा मला घेऊन तिथं गेले. शर्ट हातात धरून उभे राहिले, तर दुकानदार म्हणाला, “आजोबा, नातवाला का? साइज सांगा की.”

“व्हय, नातवालाच,” अण्णा म्हणाले आणि लहान मुलाचा शर्ट घेऊन घरी आले. नातू नव्हताच त्यांना. मला दुकानदाराचा राग आला, अण्णांचा त्याहून आला, आणि सगळ्यात जास्त आमच्या घराचा.

गेल्या वर्षी अण्णा गेले. आमच्यात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, त्यात गेलेल्या माणसाविषयी जवळचे लोक उठून बोलतात. मलाही बोलायचं होतं. आदल्या दिवशी काकांनी, अण्णांच्या धाकट्या भावानं, मला बाजूला घेतलं. काका निवृत्त मुख्याध्यापक.

“अण्णांना वाचनाची आवड हुती, असं बोल. ते कार्टूनचं काय काढू नको.”

“पेपर सोडून अण्णांनी काय वाचलेलं मी तरी बघितलं न्हाय, काका.”

“अगं, लई लोक येणार हायत. शिकल्यासवरल्याचं घर हाय आपलं. हसतील की.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माणूस गेला तरी त्याच्या आवडीची लाज काही जात नव्हती. माझ्या बापाला सोडून हे भलत्याच कुणाला तरी निरोप देणार होते.

समाजमंदिर भरलं होतं. काका वाचनावर बोलले. कचेरीतले साहेब उठले, तेही वाचनावरच बोलले. मग माझी पाळी आली. “अण्णा एक मालिका बघायचे, अंतराळातली,” एवढं म्हणताच मागं कुणीतरी फिस्सकन हसलं आणि काकांनी माइकसाठी हात पुढं केला. मी माइक घट्ट धरला आणि खोलीची गोष्ट सांगितली.

मी शाळेत असताना आम्ही भाड्याची खोली बघायला गेलो होतो. घरमालकानं चहा दिला, खोली दाखवली, नळाला पाणी कधी येतं तेही सांगितलं. मग आडनाव विचारलं. ते ऐकल्यावर त्याला एकदम आठवलं की खोली कालच दुसऱ्याला दिलीय. घरी येऊन अण्णांनी टीव्ही लावला. मी चिडून विचारलं, “अण्णा, तुमाला ह्यात काय दिसतं?” पडद्यावर निळ्या कातडीची एक बाई जहाजावर कामाला रुजू होत होती.

अण्णा म्हणाले, “बघ की. कुटनं आली, कुणाची कोण, काय ठाव न्हाय. तरी हिला काय इचारलं? काम काय येतं तुला. आडनाव न्हाय इचारलं कुणी.”

सभेत कुणी हसलं नाही. काकांचा हात अजून पुढंच होता.

“झालं की आता,” ते हळूच म्हणाले.

“न्हाय झालं,” मी माइकमध्येच म्हणाले.